‘बॅटन पडला’ एवढ्यावर बातमी संपवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शालेय मैदानी स्पर्धांचे दिवस आले की रिलेचा, म्हणजे चौघांनी बॅटन नावाची नळी एकमेकांच्या हाती देत धावायच्या शर्यतीचा, निकाल वर्तमानपत्रात दोन ओळींत उरकतो. जिंकलेल्या संघाचे नाव, आणि फार तर ‘बॅटन पडल्याने सुवर्ण हुकले’. वाचणाऱ्याला वाटते, पोरांचे नशीब फुटले. पण बॅटन सहसा नशिबाने पडत नाही. तालुक्याहून येणारे बरेचसे संघ म्हणजे १०० मीटरमधले पहिले चार एकत्र बांधलेले असतात, आणि त्यांच्या हाती बॅटन येतो तो आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी जे होते ते ठरल्यासारखेच होते.

४ बाय १०० मध्ये, म्हणजे चौघांनी साधारण शंभर-शंभर मीटर धावायच्या रिलेत, घड्याळ बॅटनसाठी चालते, धावणारा कोण याच्याशी त्याला देणेघेणे नाही. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जमैकाच्या कार्टर, फ्रेटर, ब्लेक आणि बोल्ट यांनी ३६.८४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. या चौघांच्या १०० मीटरच्या सर्वोत्तम वेळा अनुक्रमे ९.७८, ९.८८, ९.६९ आणि ९.५८. बेरीज ३८.९३. म्हणजे दोन सेकंदांहून जास्त फायदा निव्वळ रिलेने दिला, कारण पहिला सोडून तिघांच्या हातात बॅटन येतो तेव्हा ते आधीच वेगात असतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जपानने ३७.६० सेकंदांत रौप्य घेतले. त्या चौघांपैकी एकानेही तोवर १०० मीटर दहा सेकंदांच्या आत धावले नव्हते. त्याच शर्यतीत तिसरी आलेली अमेरिका बाद झाली, कारण पहिल्याच बदलात घेणाऱ्याचा हात झोन (ज्या पट्ट्यातच बॅटन द्यायचा-घ्यायचा तो) सुरू होण्याआधी बॅटनला लागला. २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा अमेरिका बाद, पुन्हा पहिलाच बदल. सोने कॅनडाच्या गळ्यात पडले.

आता झोन. २०१७ च्या अखेरीस नियम बदलला. पूर्वी २० मीटरचा झोन आणि त्यामागे वेग घ्यायला १० मीटर असे होते. आता सलग ३० मीटरचा एकच झोन असतो, १०० मीटरच्या रेषेच्या २० मीटर अलीकडे सुरू होणारा आणि १० मीटर पलीकडे संपणारा. तरी काही मैदानांवर अजून जुन्या रेषाच मारल्या जातात. वळणावर तर आणखी एक घोळ होतो. दोन मुले टेपची दोन टोके धरतात, टेप ताणतात आणि तिथे फक्की मारतात. ४०० मीटरच्या ट्रॅकच्या वळणावर ३० मीटर असे सरळ मोजले, तर पहिल्या लेनमधून प्रत्यक्ष अंतर जवळजवळ ९० सेंटिमीटरने जास्त भरते. टेप लेनच्या वळणाबरोबरच फिरवायला हवी, आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून (पहिल्या लेनला कडेला उंचवटा असेल तर ३० सेंटिमीटर). हे काम घाईचे नाही, आदल्या दिवशी करायचे.

बाद ठरवताना पंचाने पाहायचा तो बॅटन. धावपटूचे पाय कुठे आहेत याला महत्त्व नाही. घेणाऱ्याचा हात बॅटनला लागला की बदल सुरू, आणि बॅटन फक्त त्याच्याच हातात उरला की बदल पूर्ण. या दोन्ही क्षणी बॅटन झोनमध्येच हवा. झोनच्या मधोमध उभा राहिलेला एकच पंच हे पाहू शकत नाही. सुरुवातीच्या रेषेवर एक आणि शेवटच्या रेषेवर एक, असे दोघे लागतात. बदल होताना बॅटन पडला तर तो देणाऱ्यानेच उचलायचा. इतरांना अडथळा न करता आणि अंतर न वाचवता उचलला तर संघ बाद होत नाही, हे मुलांना माहीत नसते. दोघेही थबकून एकमेकांकडे बघत बसतात.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मार्क. घेणारा झोनच्या सुरुवातीला उभा राहतो आणि मागे एका खुणेवर नजर ठेवतो. येणाऱ्याने ती खूण ओलांडली की मागे न पाहता पूर्ण ताकदीने सुटायचे. ही खूण अंदाजाने ‘वीस पावले’ म्हणून टाकली जाते, ते चुकीचे. हिशोब साधा आहे. घेणाऱ्याला उभ्यावरून पहिले २० मीटर किती वेळात पार होतात ते घड्याळावर घ्या, समजा ३.२ सेकंद. येणाऱ्याचा शेवटच्या टप्प्यातला वेग घ्या, समजा सेकंदाला ८ मीटर. तेवढ्या वेळात तो २५.६ मीटर धावेल. दोघांच्या पसरलेल्या हातांमुळे मिळणारे साधारण १ मीटर त्यात मिळवा आणि २० वजा करा. उरले ६.६ मीटर. मुलाचे पाऊल २६ सेंटिमीटरचे असेल तर टाचेला अंगठा लावून सुमारे पंचवीस पावले. ही झाली सुरुवात, नंतर सरावात एकेक पाऊल सरकवायचे. देणारा अंगावर येऊन आदळत असेल तर खूण मागे न्या, त्याला गाठता येत नसेल तर जवळ आणा. समोरून वारा असला की देणारा मंदावतो, तेव्हाही एखादे पाऊल जवळ. सरावात देणारा ताजातवाना तीसच मीटर धावत आला तर मार्क खोटा पडतो; निदान पन्नास-साठ मीटरवरून आणा.

सिंथेटिक ट्रॅकवर एकच चिकटपट्टी चालते, ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांबीपर्यंत. गवताच्या किंवा मातीच्या मैदानावर ती चिकटतच नाही, तिथे बुटाने ओरखडा काढायला नियमाची परवानगी आहे. खडू, फक्कीची चिमूट, उलटी ठेवलेली चप्पल चालत नाही. ओरखडा पुसायला लावणाऱ्या पंचांनीही नियम एकदा उघडून पाहावा.

हातांचा क्रम उजवा, डावा, उजवा, डावा. पहिला आणि तिसरा वळणावर धावतात, म्हणून बॅटन उजव्या हातात आणि अंग लेनच्या आतल्या कडेला. दुसरा आणि चौथा डाव्या हातात घेऊन बाहेरच्या कडेने. यामुळे देणाऱ्याला घेणाऱ्याच्या मागून आडवे जावे लागत नाही आणि टाचेवर पाय पडत नाही. घेतल्यावर बॅटन दुसऱ्या हातात घेण्याची सवय काही मुलांना असते, ती पहिल्या दिवशीच मोडावी. बॅटन पडण्याची ती एक हमखास जागा.

बॅटन द्यायच्या तीन रीती आहेत. खालून वर देणे सोपे वाटते, जपानने ते कमालीचे बसवले. पण त्यात प्रत्येक बदलाला घेणाऱ्याची मूठ देणाऱ्याच्या मुठीला लागून बसते आणि चौथ्याच्या हाती धरायला टोकच उरत नाही. वरून खाली देण्यात अंतर वाचते. तिसरी रीत म्हणजे बॅटन उभा धरून सरळ तळव्यात ढकलणे. घेणाऱ्याचा हात मागे जवळपास खांद्याच्या उंचीला, तळवा मागे, अंगठा खाली आणि बाकीच्या बोटांपासून सुटा. शाळेच्या मुलांना ही शिकवावी असे आमचे मत आहे, कारण तळवा देणाऱ्याला नीट दिसतो. पहिल्याने बॅटन खालच्या तिसऱ्या भागात धरायचा, वरचा भाग मोकळा राहायला हवा.

हात कधी मागे जातो हेही ठरलेले असते. देणारा आवाज देतो, पुढच्या पावलाला घेणाऱ्याचा हात मागे जातो आणि तिथे स्थिर राहतो. हात आधीच पसरून धावणारा वेग घेऊ शकत नाही. उलट देणाराही बॅटन पुढे काढून दहा मीटर धावला की मंदावतो. आवाजासाठी सगळेच ‘हात’ ओरडतात. शेजारच्या लेनमधल्या ‘हात’ला आपल्या मुलाने हात मागे टाकल्याचे प्रकार होतात, तेव्हा आपला शब्द वेगळा ठेवावा. झोनच्या १८ ते २७ मीटरमध्ये बदल व्हावा. सहा-सात मीटरवरच देऊन टाकला तर घेणारा अजून वेगात नसतो, देणारा ब्रेक लावतो, आणि प्रेक्षकांना मात्र वाटते किती सफाईने दिला!

बदल २५ मीटरवर होतो असे धरले तर पहिला १०५ मीटर धावतो, दुसरा आणि तिसरा प्रत्येकी १२५, चौथा १२०. सगळ्यात वेगवान मुलगा डोळे झाकून शेवटी ठेवण्याआधी हे आकडे पाहावेत. तिसऱ्याला वळण हवे, घेणे हवे, देणेही हवे. ज्याला घेता येते पण देता येत नाही, त्याची जागा चौथी.

बॅटन नाही म्हणून सराव होत नाही, हे कारण सोलापूर जिल्ह्यात तरी पटत नाही. बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब, सुमारे ४० मिलिमीटर जाड, गुळगुळीत, पोकळ आणि किमान ५० ग्रॅमचा असावा लागतो. सांगोल्या-मंगळवेढ्याकडे डाळिंबाच्या बागेत ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पडलेला असतो. २९ सेंटिमीटरचे तुकडे कापा, काठ घासा, भडक रंग द्या, वजनही भरते. आपल्याकडच्या उन्हात तळवे घामेजतात, तरी हाताला पावडर किंवा चिकट काही लावता येत नाही, हातमोजेही नाहीत. हात पुसून घ्यावेत. सोलापुरात टॉवेलला काय तोटा?

सरावाचा क्रम: आधी जागेवर उभे राहून, मग हलक्या धावेत, मग पाऊण वेगात, शेवटी पूर्ण वेगात. पूर्ण वेगाचे बदल एका जोडीला दिवसाला चार ते सहा पुरेत, त्यापुढे पाय दमतात आणि मार्क बिघडतो. निदान तीन आठवडे आधी हे सुरू व्हावे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच, जड काठ्या पेलणारे आदल्या दिवशी सरावाला उतरत नाहीत, हे या गावाला सांगायला नको. पाचव्या, राखीव मुलालाही प्रत्येक जोडीत फिरवावे, त्याचे मार्क वहीत लिहून ठेवावेत.

४ बाय ४०० चे गणित वेगळे. झोन २० मीटरचा, येणारा दमलेला, म्हणून तिथे मागे बघूनच घ्यायचे.

आपल्याकडे एक विनंती आहे. रिलेच्या निकालात चौघांची नावे धावण्याच्या क्रमाने आणि संघाची वेळ छापावी. चार मुलांच्या १०० मीटरच्या वेळा १२.३, १२.४, १२.५ आणि १२.६ असतील तर बेरीज ४९.८ येते. संघाने ४८ च्या आसपास वेळ दिली तर बदल चांगले झाले, ४९.५ दिली तर पहिला क्रमांक येऊनही शिकायचे बरेच राहिले आहे, हे पालकांना घरबसल्या कळेल. आणि बाद झालेल्या संघापुढे कारण लिहावे: ‘दुसरा बदल, बॅटन झोनच्या बाहेर’. शाळेला पुढच्या वर्षी नेमके कुठून सुरू करायचे ते त्यातून समजेल.

कळावे,
मैदानी खेळांचे काही प्रशिक्षक व पंच, सोलापूर