अव्या, गाइडने ती गाडी बघितलेली नाही

चिंचवड,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय अव्या,

तुझे तिन्ही स्क्रीनशॉट मिळाले, व्हॉइस मेसेज पण ऐकला, सव्वाचार मिनिटांचा, बाबा तू आकाशवाणीवर जायला पाहिजे होतास. व्हॉट्सअपवर उत्तर टाईप करता करता अंगठा दुखायला लागला म्हणून सरळ लॅपटॉप उघडून पत्रच लिहायला बसलोय, चहा घे आणि निवांत वाच.

तर तुझा प्रश्न असा की २०१९ ची स्विफ्ट, पेट्रोल, ५२ हजार किलोमीटर, जुन्या गाड्यांचा यार्डवाला ५ लाख १० हजार म्हणतोय, जुन्या गाडीचा अंदाजे भाव सांगणाऱ्या त्या प्राइस गाइडवर ४.८० ते ५.२० दाखवतंय, रेटिंग साडेचार स्टार, म्हणजे भाव बरोबर आहे ना? मला नाही माहीत रे. आणि त्या गाइडला पण माहीत नाही, त्याने ती गाडी बघितलेलीच नाहीये. त्याला तू सांगितलंस मॉडेल, साल, किलोमीटर आणि कंडिशन. कंडिशनला तू काय दाबलंस, 'व्हेरी गुड' ना? एक काम कर, आत्ता तीच गाडी 'फेअर' टाकून बघ, आकडा धाडकन खाली येईल. यार्डवाला त्याच्या मोबाईलवर 'एक्सलंट' दाबून तुला दाखवणार. म्हणजे गाडी तीच, गाइड तेच, फक्त बोट कोणाचं त्यावर भाव.

दुसरं म्हणजे हे आकडे मागच्या व्यवहारांवरून काढतात, आणि बरेचदा लोकांनी जाहिरातीत मागितलेल्या किमतीवरून, गाडी शेवटी कितीला गेली ते बाहेर कोणाला कळतं? यंदा तर मधेच २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला. ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता, आता सरळ १८. करासकट १२९ रुपयांना पडणारी गाडी ११८ ला झाली. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव पडणारच ना, पण यार्डवाल्याने ती गाडी जुलैत घेतलेली असेल तर तो जुन्या भावालाच चिकटून बसणार आणि गाइडमध्ये पण उन्हाळ्यातले आकडे मिसळलेले असणार. त्यामुळे तो ५.२० चा आकडा तर मी विसरूनच गेलो असतो.

आता माझी फजिती ऐक, तुला अर्धीच माहितीये. २०२२ च्या जानेवारीत मी ती पांढरी घेतली तेव्हा गाइड म्हणत होतं ४ लाख ६०, मला मिळाली ४.३५ ला, मी घरी पेढे वाटले. पंचवीस हजार कमावले म्हणून. एमएच १० पासिंग होतं, सांगलीची गाडी, २०१६ ची, माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत काय झालं होतं. जूनचे पहिले दोन पाऊस झाले आणि आतून कुबट वास यायला लागला, मग पॉवर विंडो कधी चालणार कधी नाही, मग हॉर्न आपोआप वाजायला लागला, रात्री अकराला, सोसायटीत! भोसरीच्या वायरमनने कार्पेट उचललं तर खाली वाळलेला गाळ, बोटभर. वायरिंग आणि बाकीचं धरून ६० हजारांच्या वर गेले. गाइडमध्ये पुराचा रकानाच नव्हता रे, मी कुठे दाबणार होतो?

म्हणून आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ आणि बघ, पुराची गाडी असेल तर मातीची रेघ बहुतेक तिथे सापडते, बाहेरून कितीही पॉलिश मारलं तरी तो पट्टा कोणी धूत नाही. सीटच्या खालच्या रेल्स, स्टेपनीचा खड्डा, तिथला गंज बघ. आणि चालू इन्शुरन्स पॉलिसीचा कागद माग, त्यात एनसीबी बघ, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट. पहिल्याच मालकाची सहा वर्षांची गाडी आणि एनसीबी ५० टक्क्यांच्या ऐवजी २० किंवा शून्य, तर मधे क्लेम घेतलाय, कशाचा ते विचार. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी ५२ हजार चाललीये म्हणतात आणि टायरचा दुसरा सेट पण गुळगुळीत झालाय, तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं, सर्व्हिस हिस्टरी काढून घे.

स्टारचं म्हणशील तर त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, तू मिसळतोयस. तो ४.५ लोकांनी दिलेला आहे, क्रॅश टेस्टचा नाही. क्रॅश टेस्टमध्ये ह्याच पिढीच्या स्विफ्टला ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून बघणाऱ्या संस्थेकडून २०१८ मध्ये २ स्टार आणि २०२२ मध्ये १ स्टार. गाडी काही चार वर्षांत पापडाची झाली नाही, पेपर अवघड झाला, साइडची धडक, ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) वगैरे धरायला लागले. त्यामुळे जुने स्टार आणि नवे स्टार शेजारी ठेवून बघायचे नाहीत. आपलं भारत एनकॅप तर ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं, ते पण ऐच्छिक, त्यात तुझी २०१९ ची शोधू नकोस. पण हे रेटिंग मी खरंच मानतो बरं का, कारण तिथे ६४ च्या स्पीडने गाडी खरोखर आपटतात, कोणाच्या मतावर नाही. काकूंना घेऊन खंबाटकीतून येणार असशील तर याचा विचार कर.

लोकांचे स्टार मात्र... तुला आठवतं, दादाने नवी गाडी घेतली तेव्हा डिलिव्हरी देताना तो सेल्सवाला काय म्हणाला? "सर, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचं इन्सेंटिव्ह जातं." दादाने दिले दहा, गाडीत मॅट पण नव्हती. आणि नवी गाडी घेतल्यावर महिन्याभरात रिव्ह्यू लिहिणारा माणूस स्वतःच्या पोराला काळं म्हणेल का? मी तीन स्टारवाले तेवढे वाचतो, त्यातही तीन-चार वर्षं वापरलेल्यांचे. दहा जणांनी एकच तक्रार केली, समजा क्लच, तर ती खरी समजायची.

ॲव्हरेजचं पण तसंच. आपण ज्या टेकडीवर कॉलेज बुडवून भेळ खायचो तिथेच ती एआरएआय, गाड्यांचं ॲव्हरेज तपासणारी संस्था, तिच्या आकड्यात फसवणूक काही नाही, पण गाडी रोलरवर, एसी बंद, ट्रॅफिक नाही. दोन गाड्यांची तुलना करायला ठीक, पेट्रोलचा हिशोब करायला नाही.

मी असतो तर गाइडचा खालचा आकडा, ४.८०, तिथून ४.५० ला बोलणी सुरू केली असती आणि ४.७० च्या वर गेलो नसतो, ते पण आपल्या मेकॅनिकने लिफ्टवर घेऊन बघितल्यावर. टोकन आधी अजिबात देऊ नकोस, आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ई-चलान किती पडलेत, ते दहा मिनिटांत मोबाईलवर दिसतं.

आणि एक राहिलंच. काकूंचा गुडघा. स्विफ्टची सीट खाली आहे, उतरताना त्यांना जोर लावावा लागेल, हे कुठल्याच रेटिंगमध्ये येत नाही. बघायला जाशील तेव्हा त्यांना घेऊनच जा, चार वेळा बसव, उतरव. त्या 'बरी आहे' म्हणाल्या तर समज नाही आवडली, तुझ्यापेक्षा मी ओळखतो त्यांना.

पुढच्या शनिवारी मी मोकळा आहे, सकाळी नऊला यार्डवर भेटू, वायरमनला पण सांगून ठेवतो, तो कार्पेट उचलायला आता एक्सपर्ट झालाय माझ्या पैशावर.

तुझाच,
निल्या

ता. क. : गाडी 'डॉक्टरची आहे, सिंगल हँड' असं म्हणाला का रे तो? माझा पण तेच म्हणाला होता.