सिमला बीट ऐकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

"ही रेकॉर्ड विकणार नाही. पण रविवारी घरी ये, अख्खी ऐकवतो," असं फुटपाथवर भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगणारे रेकॉर्डवाले मुंबईत कितीसे असतील? मला तुम्ही भेटलात, म्हणून हे जाहीर आभार.

'सिमला बीट' या रॉक बँडांच्या स्पर्धेचा जन्म सिगारेटच्या जाहिरातीतून झाला. सिमला हा सिगारेटचा ब्रँड, कंपनी आजची आयटीसी. देशभरातल्या पोरांच्या बँडांची स्पर्धा, अंतिम फेरी आपल्या षण्मुखानंद सभागृहात, आणि निवडक बँडांच्या दोन एलपी, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड: १९७० आणि १९७१. एवढं वाचलेलं होतं. पण तुम्ही तर बाल्कनीत बसून ते सगळं पाहिलेलं! परदेशी गिटार परवडायची नाही, धड मिळायचीही नाही; मग पोरं रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या मागे लागून अँप्लिफायर बांधून घ्यायची, हे तुम्ही सांगितलंत आणि मग मद्रासच्या 'कन्फ्यूजन्स' बँडचं 'व्हॉइस फ्रॉम द इनर सोल' लावलंत. ती मुद्दाम आवाज फाडलेली, खरखरणारी फझ गिटार! माझ्या मते १९७०च्या रेकॉर्डवरचं सगळ्यात अस्सल गाणं हेच. काही बँडांनी सरळ परदेशी गाणीच वाजवलीत, ती मला बेताची वाटली. त्यावर तुम्ही चिडलात. "त्या वयात नक्कल नाही करायची तर कधी करायची?" बरं, मान्य. अर्धं.

मुंबईच्या 'वेल्वेट फॉग' बँडचा विषय निघाला तेव्हा काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आत्माराम भेंड्यांचा नंदू गायचा ना त्यांच्यात?" नंदू भेंडे यांनी १९७४ साली 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' या रॉक संगीतिकेत जूडास रंगवला, हे मला ठाऊक होतं. त्याआधीच्या रॉकच्या दिवसांबद्दल मात्र आपल्याकडे कुणी बोलत नाही. नाटकवाल्या घरातला मुलगा म्हटलं की गप्पा नाटकावरच थांबतात.

पेनड्राइव्हवर गाणी उतरवून दिलीत, वर नेटवर टाकू नकोस म्हणून दम भरलात. टाकलेली नाहीत.

१९७१ची रेकॉर्ड राहिली आहे. सुई झिजलीय म्हणून तुम्ही ती लावली नाहीत. नवी सुई मी घेऊन येतो, पैशांचं नाव काढायचं नाही.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
रविवारचा पाहुणा