साखर मोजली, आता बायकांची हालचालही मोजा: गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य, पणजी

सन्माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका. या पत्रात मागणी एकच आहे. गोव्यातल्या बायका आणि मुली दिवसभरात किती हालचाल करतात, कोणती करतात, आणि कोणत्या वयात, कशामुळे ती थांबते, याचा वर्षभराचा स्वतंत्र अभ्यास सरकारने हाती घ्यावा.

‘आयसीएमआर-इंडियाब’ या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. देशाचं प्रमाण ११.४. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जागतिक अभ्यासात भारतातल्या ५७ टक्के बायकांची शारीरिक हालचाल अपुरी ठरली, पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के. हे आकडे शेजारी ठेवले की लोक निकाल देऊन मोकळे होतात: मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, बायका आळसावल्या. मला हा निकाल मान्य नाही. आपणही तो मानू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते, घरकाम करणारा पुरुष ८८. घरात जवळजवळ पाच तास राबणारी बाई आणि ‘अपुरी हालचाल’ करणारी बाई एकच असू शकते का? असू शकते. अंग आंबून जाणं वेगळं आणि छातीचे ठोके वाढून दम लागणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगते. ओट्याशी तासभर उभं राहून चपात्या लाटल्या तरी त्या तासाची गणती त्यात होईलच असं नाही. उलट कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत राबणारी, उन्हाळ्यात डोंगरउतारावर काजूचे बोंडू वेचणारी, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बाई ती मर्यादा केव्हाच ओलांडत असेल. ‘घरकाम हाच बाईचा व्यायाम’ म्हणणारे आणि ‘हल्लीच्या बायका हालतच नाहीत’ म्हणणारे, दोघंही अंदाजानेच बोलतात. आणि अशा अंदाजावर कुठे योगाचं शिबिर ठेवलं जातं, कुठे झुंबाचं. त्याला कोण आलं हे दिसतं, कोण येऊ शकलं नाही याची चौकशी होत नाही.

मोजमापाची साधनंही आपल्या बायकांवर तपासून घ्यायला हवीत. श्रम मोजायचं ‘मेट’ हे एकक घ्या. स्वस्थ बसण्याच्या किती पट श्रम झाले, हे ते सांगतं. स्वस्थ बसलेलं शरीर किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरतं, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. हा आकडा ७० किलो वजनाच्या, ४० वर्षांच्या एका पुरुषावरून आल्याचं सांगितलं जातं. पेडण्यातल्या शेतात लावणी करणाऱ्या पन्नास किलोच्या बाईचे श्रमही त्याच मापाने मोजायचे? कमरेला लावायचं हालचाल मोजणारं यंत्र पावलं बरी टिपतं, पण बसून खोबरं किसणं, कपडे घासणं असं हातांचं काम त्यातून निसटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हालचालीविषयीच्या प्रश्नावलीत मोकळ्या वेळातल्या जोरदार व्यायामाची उदाहरणं म्हणून धावणं आणि फुटबॉल दिलेलं असतं. चतुर्थीत घामाघूम होईपर्यंत फुगडी घालणारी, पौषात रात्र रात्र गावच्या मांडावर धालो हे बायकांचं लोकनृत्य खेळणारी बाई त्या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हणेल. शिवाय आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जानेवारीत रोज देवळापर्यंत चालत जाणारी बाई जुलैत उंबरठ्याबाहेर पडू शकत नाही. एकाच ऋतूत उरकलेली पाहणी तिच्याविषयी अर्धवटच सांगणार.

मुलींबद्दल मला जास्त बोलायचं आहे. सातवीपर्यंत खो-खोत सगळ्यांच्या पुढे पळणारी मुलगी नववीत खेळाच्या तासाला झाडाखाली बसते, हे मी नोकरीभर पाहिलं. ‘पोटात दुखतं, बाई,’ एवढंच ती सांगते. त्यामागे पाळी असते, शौचालयाच्या नळाला पाणी नसतं, अंगाला घट्ट बसणाऱ्या टी-शर्टची लाज असते, कुंपणाशी उभं राहून बघणारी मुलं असतात, शिकवणी असते, संध्याकाळची शेवटची बस असते. यातलं कोणतं कारण कुठे किती भारी आहे, हे माझ्यासारखी शिक्षिका आपल्या शाळेपुरतं सांगू शकेल, राज्यापुरतं नाही. जगभरात ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुलींची हालचाल अपुरी आहे, मुलग्यांत ७८ टक्के. पण ‘इंडियाब’ २० वर्षांपासून पुढच्यांची पाहणी करते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुलाखत होते ती १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची. ज्या वयात मुलगी मैदान सोडते, नेमकं तेच वय दोन्हींतून सुटतं. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या याचा मला अभिमान आहे, पण त्या मैदानांवर ज्या पोचल्या त्या टिकलेल्या मुली होत्या. मला काळजी आहे ती गळलेल्या मुलींची.

बायका संशोधनाला तयार होत नाहीत, ही सबब आपल्यापुढे येईल. ती खरी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. शेतकाम, पाणी भरणं, धुणं अशी तिथल्या बायकांची रोजची कामं विचारली गेली, आणि फार कष्ट करणाऱ्या आयांची बाळं जन्मतः लहान असल्याचं त्यातून दिसलं. आपल्याकडची बाळं दिसायला बारीक असली तरी त्यांच्या अंगात त्या मानाने चरबी जास्त असते, हेही याच कामातून जगाला कळलं. खुद्द गोव्यात, या शतकाच्या सुरुवातीला, हळदोणे आरोग्य केंद्राच्या परिसरातल्या सुमारे अडीच हजार बायकांनी पांढरं जाण्यासारख्या, चारचौघांत न बोलल्या जाणाऱ्या तक्रारींवरच्या अभ्यासात भाग घेतला. नीट विचारलं तर बायका सांगतात.

नीट म्हणजे कसं, हेही लिहिते. सकाळी अकराला दारात गेलं तर मासळी विकणारी बाजारात असते, औद्योगिक वसाहतीतली शिफ्टला असते, आणि घरात सापडलेली सून सासूसमोर उत्तर देते. तेव्हा वेळ तिची हवी, विचारणारी बाई हवी आणि बोलायला आडोसा हवा. बांधकामावर राबणाऱ्या परप्रांतीय बायका आणि गावकुसावरच्या वाड्यांतल्या बायका नमुन्यात हव्यातच. मात्र गृहिणींना दरमहा पैसे देणाऱ्या ‘गृह आधार’ या सरकारी योजनेच्या याद्यांवरून बायका गोळा करू नका. महिन्याचे पंधराशे रुपये बंद होतील या भीतीने दिलेला होकार हा होकार नव्हे. मुलींच्या बाबतीत पालकांच्या सहीबरोबर मुलीची स्वतःची संमतीही घ्या. ‘नको’ म्हणायचा हक्क तिलाही आहे. आणि निष्कर्ष आधी त्या त्या पंचायतीत, त्याच बायकांसमोर, त्यांच्या भाषेत मांडा, मग परिषदांमध्ये.

येत्या अर्थसंकल्पात यासाठी वेगळं लेखाशीर्ष ठेवावं. काम गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि आरोग्य संचालनालयाने मिळून करावं, शिक्षण खात्याला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावं, आणि आराखडा ठरवणाऱ्या समितीत डॉक्टरांइतक्याच अंगणवाडी सेविका, नर्स, खेळाच्या शिक्षिका आणि दहावीच्या आतल्या काही मुली असाव्यात. समितीत मुली कशाला, असं कोणी विचारलं तर मी स्वतः येऊन उत्तर देईन. आपण वेळ द्यावी.

आपली नम्र,
सत्तरीतली एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका