व्यायामासाठी घेतलेले कस्टम मॉनिटर आणि घामामुळे नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कस्टम इन-इअर मॉनिटरची (कानाच्या मापाने बनवलेल्या इअरफोनची) उजवी बाजू दुसऱ्यांदा बंद पडल्याबाबत आणि ‘द्रवामुळे नुकसान’ असे सांगून दुरुस्ती नाकारल्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या सेवा केंद्राचे पत्र मला गेल्या आठवड्यात मिळाले. उजव्या मॉनिटरमध्ये ओलावा शिरला आहे, हे द्रवामुळे झालेले नुकसान असल्याने वॉरंटीत बसत नाही आणि दुरुस्ती हवी असल्यास सगळा खर्च मी भरावा, असे त्यात लिहिले आहे. तो द्रव म्हणजे माझा घाम. हे मॉनिटर मी व्यायामासाठी घेतले, आपणही ते व्यायामासाठी म्हणूनच मला दिले, आणि व्यायाम करताना घाम येतोच. त्यामुळे हा निर्णय मला मान्य नाही. कारणे सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या आधीच्या दोन ईमेलना आलेली उत्तरे तीन ओळींची होती आणि त्यांत माझ्या एकाही मुद्द्याला उत्तर नव्हते.

माझ्या कानाच्या नळ्या अरुंद आहेत आणि आत लगेच वळतात. रबरी टोकांचे साधे इअरफोन दहा मिनिटांच्या धावण्यात निसटतात. घाम आला की त्याहून लवकर. फोमची टोके थोडी जास्त टिकतात, पण ती घाम शोषून घेतात आणि रोज ओली टोके कानात घालणे मला नको होते. मी आठवड्यातून पाच दिवस व्यायाम करते. ट्रेडमिल, दोरीच्या उड्या, वजने. संगीताच्या ठेक्यावर श्वास आणि पावले बांधायची सवय मला लागली आहे, आणि दर दोन मिनिटांनी हात कानाकडे गेला की ती लय तुटते. म्हणून कानाच्या मापाचे मॉनिटर करून घ्यायचे ठरवले. (रस्त्यावर धावताना मी ते वापरत नाही. कान इतके बंद होतात की मागून येणारे वाहन ऐकू येणार नाही.)

ऑर्डर देण्यापूर्वी मी आपल्या प्रतिनिधीशी फोनवर बोलले. ‘घाम खूप येतो, चालेल का?’ हा माझा पहिलाच प्रश्न होता. चालेल, असे उत्तर मिळाले. आपल्या विक्रीच्या पानावर तेव्हा धावणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र होते आणि खाली ‘मंचावर आणि जिममध्येही’ असे शब्द होते. त्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. सिलिकॉनचे कवच मऊ असते, जबडा हलला तरी कानाला धरून राहते, म्हणून मी ते मागत होते. अ‍ॅक्रिलिक घ्या, ते उघडून दुरुस्त करणे सोपे जाते, असे प्रतिनिधींनी सुचवले आणि मी ऐकले. ऑडिओलॉजिस्टनी (श्रवणतज्ज्ञांनी) दातांमध्ये ठोकळा धरायला लावून, तोंड उघडे ठेवून दोन्ही कानांचे साचे घेतले. धाप लागली की तोंड उघडे राहते आणि त्या वेळी नळीचा आकार बदलतो. साचा तोंड मिटून घेतला असता तर नेमकी व्यायामातच फट पडली असती. ऑर्डरच्या अर्जावर ‘उपयोग’ या रकान्यात त्यांनी ‘व्यायाम’ असे लिहिले. तो अर्ज आपल्या दप्तरी असेलच. माझ्याकडची प्रतही जोडली आहे.

मॉनिटर आले तेव्हा बसायला उत्तम होते. हे मी मनापासून सांगते, कारण चांगल्या कामाचे श्रेय आपल्या कारागिरांना मिळायलाच हवे. उड्या मारताना, पाठीवर झोपून वजन उचलताना, कधीही ते हलले नाहीत. आवाजही स्वच्छ. मात्र पहिल्याच दिवशी एक गोष्ट जाणवली. डाव्या बाजूला केबलच्या दोन पिना सॉकेटमध्ये पूर्ण आत जात आणि कवचाला टेकत. उजव्या बाजूला त्या बोटाने दाबूनही एका बाजूने किंचित उचललेल्या राहत, नखाची कड जाईल एवढी फट दिसे. मी चौथ्या दिवशी छायाचित्रासह ईमेल केला. ‘वापराने बसेल’ असे उत्तर आले. माझ्या तक्रारीची सुरुवात त्या फटीपासून होते, म्हणून तिचा उल्लेख आधी करते आहे.

मी निगा कशी राखते तेही सांगते. व्यायाम झाला की मॉनिटर आधी कोरड्या मऊ कापडाने पुसते. मग मॉनिटरच्या नळीचे तोंड खाली धरून हलकेच टिचकी मारते, म्हणजे आत थेंब असेल तर बाहेर येतो. मळ असेल तर आपण दिलेल्या बारीक तारेच्या कडीने काढते. स्पिरिट किंवा तसले काही कवचाला कधी लावलेले नाही, हेअर ड्रायरची गरम हवा कधी दिलेली नाही. रात्रभर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवते आणि दाण्यांचा रंग बदलला की दाणे बदलते. हे मला ऑडिओलॉजिस्टनी शिकवले. श्रवणयंत्र वापरणारे लोक वर्षानुवर्षे असेच करतात. मॉनिटर पुन्हा घालण्याआधी अर्धा तास कानही उघडे ठेवून कोरडे होऊ देते, कारण कानाच्या ओल्या नळीत दिवसभर काही घालून ठेवले की त्वचा सुजते. एकदा तसे झाले होते आणि डॉक्टरांनी आठवडाभर कानात काहीही घालायला मनाई केली होती.

ओलाव्याचा एक प्रकार मला ठाऊक आहे आणि त्याची मी कधी तक्रार केलेली नाही. सुरुवातीला मॉनिटर गार असतो, कान उबदार आणि पूर्ण बंद असतो. कानातले बाष्प मॉनिटरच्या बारीक नळीत थेंब होऊन बसते आणि आवाज एकदम दबतो, वरचे स्वर नाहीसे होतात. सिलिका जेलमध्ये एक रात्र ठेवले की सकाळी सगळे पूर्ववत. कान आहे तिथे हे होणारच. उजव्या मॉनिटरचे जे झाले ते निराळे आहे.

पाचव्या महिन्यात उजवीकडे आवाज निम्म्यावर आला आणि तीन दिवस वाळवूनही परतला नाही. मी मॉनिटर पाठवला. आपण तो उघडलात, एक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा आतला भाग) बदललात आणि काहीही खर्च न घेता परत केलात. दुरुस्तीच्या कागदावर ‘अंतर्गत ओलावा, ड्रायव्हर बदलला’ एवढेच होते. ओलावा आत आला कुठून, ते बघितल्याची नोंद नव्हती. सॉकेट तेच राहिले, फटही तशीच राहिली. तिच्याबद्दल मी पुन्हा लिहिले होते, त्याला उत्तर आले नाही.

अकराव्या महिन्यात त्याच बाजूला खरखर सुरू झाली. केबल जराशी फिरवली की आवाज जाई-येई, मग पूर्ण गेला. केबल अदलाबदल करून पाहिली. डावीकडची पिन उजव्या सॉकेटला लावली तरी तेच, म्हणजे दोष केबलचा नव्हता. मॉनिटर पुन्हा पाठवला. सहा आठवड्यांनी हे नकाराचे पत्र आले.

पत्रासोबत आपण दोन छायाचित्रे पाठवलीत, त्याबद्दल आभार, कारण माझे म्हणणे त्यांतूनच सिद्ध होते. पहिल्यात सॉकेटभोवती हिरवा थर दिसतो, आणि कवचाच्या आत सॉकेटपासून निघून खाली ड्रायव्हरपर्यंत गेलेला पांढरट ओघळ दिसतो. दुसऱ्यात कानात जाणारे टोक आहे. तिथली कानातला मळ अडवणारी जाळी स्वच्छ आहे, नळ्याही स्वच्छ आहेत. हिरवा थर म्हणजे तांबे असलेल्या धातूला घामातले मीठ लागल्याची खूण. पांढरा ओघळ म्हणजे वाळलेले मीठ. घाम कानातून, नळीवाटे आत गेला असता तर त्याच्या खुणा नळीत दिसल्या असत्या. तो वरून, सॉकेटच्या कडेने शिरला आहे. कानावरून जाणारी केबल घामाची धार थेट त्या जागी आणते, हे ज्याने अशी केबल लावून व्यायाम केला आहे त्याला सांगावे लागत नाही. आणि मीठ एकदा आत गेले की नुसते वाळवून भागत नाही. पाणी उडून जाते, मीठ राहते आणि दमट हवेत पुन्हा ओले होते. माझ्या सिलिका जेलच्या डबीने ते बाहेर काढणे शक्यच नव्हते.

आता डाव्या बाजूकडे पाहा. तेच डोके, तोच घाम, तीच डबी, तेच कापड, तेवढेच दिवस. डावा मॉनिटर आजही पहिल्या दिवसासारखा वाजतो आणि त्याच्या सॉकेटमध्ये हिरवा ठिपकासुद्धा नाही. माझ्या वापरात चूक असती तर दोन्ही बाजू बिघडल्या असत्या. बिघडली ती फक्त फट असलेली बाजू, आणि तीही दोनदा. आपल्या तंत्रज्ञांना एवढे एकच विचारावे की डावा मॉनिटर का टिकला. या प्रश्नाचे उत्तर मला लेखी हवे आहे.

आपल्या पत्रात असेही म्हटले आहे की या मॉनिटरला पाण्यापासून संरक्षणाचा कोणताही दर्जा नाही, म्हणजे आयपीएक्स ४ सुद्धा नाही. आयपीएक्स ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या पाण्याला टिकणे, आणि ती चाचणीही साध्या पाण्याने होते, खारट घामाने नव्हे, हे मी जाणते. दर्जा नाही हे मी समजून घेतले असते. पण विक्रीच्या वेळी फोनवर किंवा अर्जावर कोणीतरी ते सांगायला हवे होते. घामाबद्दल विचारल्यावर ‘चालेल’ म्हणायचे आणि घामानेच बिघडल्यावर ‘दर्जा नाही’ म्हणायचे, यात माझी फसवणूक झाली आहे असे मला वाटते. हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

निगेच्या पत्रकाबद्दलही लिहायला हवे. दुसऱ्या पानावर ‘वापरानंतर केबल काढून सॉकेट कोरडे करावे’ असे आहे आणि चौथ्या पानावर ‘केबल वारंवार काढू नये, सॉकेट सैल होते’ असे आहे. दोन्ही सूचना आपापल्या जागी खऱ्या आहेत. रोज घाम गाळणाऱ्याने यांतले काय पाळावे? मी आठवड्यातून एकदा केबल काढत असे, कारण ऑडिओलॉजिस्टना तेच मध्यम वाटले. नकाराच्या पत्रात मात्र ‘सॉकेटची पुरेशी निगा राखलेली नाही’ असे वाक्य आहे. ते मागे घ्यावे.

माझी मागणी अशी. उजवा मॉनिटर वॉरंटीखाली, कोणताही खर्च न घेता दुरुस्त करावा. नुसता ड्रायव्हर बदलून पुन्हा पाठवू नये; सॉकेट नवे बसवावे, पिना कवचाला पूर्ण टेकतील असे, आणि त्याच्या कडा आतून नीट बंद कराव्यात. कवच नव्याने करावे लागले आणि साचा पुन्हा घ्यावा लागला तर तो खर्च आपण करावा. या दुरुस्त बाजूला आजपासून किमान एक वर्षाची वॉरंटी लेखी द्यावी, कारण माझ्या वॉरंटीच्या काळातले जवळजवळ तीन महिने मॉनिटर आपल्याच टेबलावर गेले आहेत. हे मॉनिटर घामात टिकतील असे करणे आपल्याला शक्यच नसेल, तर तसे स्पष्ट लिहून जोडी परत घ्यावी आणि पूर्ण रक्कम परत करावी. मला पहिला मार्ग हवा आहे. इतके नेमके बसणारे मॉनिटर मला सोडायचे नाहीत.

विक्रीच्या पानावरचे ते छायाचित्र आणि ‘जिममध्येही’ हे शब्द अजून तसेच आहेत, काल पुन्हा पाहिले. घामाचे नुकसान वॉरंटीत येत नसेल तर ते त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. पुढचा ग्राहकही ऑर्डर देण्याआधी माझ्यासारखाच प्रश्न विचारणार आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. खर्च न भरल्यास ३० दिवसांनी मॉनिटर आहे त्या स्थितीत परत पाठवू, असे आपण कळवले आहे. तक्रारीचा निर्णय होईपर्यंत कृपया तो पाठवू नये, त्यावरचा थर पुसू नये आणि सॉकेट काढून टाकू नये. तो थर आणि ती फट हाच माझा पुरावा आहे आणि तो सध्या आपल्या ताब्यात आहे.

आपली,
एक ग्राहक
(नाव व ऑर्डर क्रमांक सोबतच्या अर्जाच्या प्रतीवर आहेत.)

सोबत : विक्रीच्या पानाची प्रत, ऑर्डरच्या अर्जाची प्रत, चौथ्या दिवशीचा ईमेल व छायाचित्र, पहिल्या दुरुस्तीचा कागद, नकाराचे पत्र व त्यातील दोन छायाचित्रे, डाव्या सॉकेटचे कालचे छायाचित्र.