सूचना : विकास आराखड्यावरील हरकती

सर्व सभासदांस नमस्कार. आपल्या गावाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आहे, हे बहुतेकांना कळलेच असेल. हरकत नोंदवायला राजपत्रातील सूचनेपासून ३० दिवसच मिळतात, आणि त्यातले बरेच चर्चेतच गेले.

नकाशा नगरपरिषदेत भिंतीवर लावला आहे. नुसता रंग पाहून परत येऊ नका. पिवळ्यात (म्हणजे रहिवासी विभागात) आलो म्हणजे सुटलो, असे नाही. त्याच पिवळ्यातून १२ मीटरचा रस्ता गोठ्यावरून गेलेला असू शकतो. आपला गट नंबर शोधा, भाग नकाशा मागून घ्या आणि मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहा.

हरकत लेखीच द्या. सातबारा जोडा, 'अन्याय झाला' एवढेच न लिहिता आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) कुठे सरकवता येईल तेही लिहा. प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्याचे अर्जात नमूद करा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एकच मजकूर छापून सगळ्यांनी सह्या करण्यात फारसा अर्थ नाही, प्रत्येकाची जमीन वेगळी आहे.

'आरक्षण पडले तर पडू दे, कलम १२७ आहेच' असे काहीजण म्हणतात. नगररचना कायद्याच्या या कलमाने, जमीन मुदतीत संपादित झाली नाही तर आरक्षण रद्द होते. त्यासाठी अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षे थांबावे लागते, मग नोटीस, मग आणखी २४ महिने. त्यापेक्षा हरकत आत्ताच घ्या, तिचा उपयोग होतो: मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा लोकांच्या विरोधानंतरच नव्याने करावा लागला होता.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता देवळाच्या सभामंडपात अर्ज भरायला बसू. सातबारा आणि मोजणीच्या नकाशाची झेरॉक्स आणावी.

– सचिव