शौचालयं मोजलीत, आता बाळाची शी कुठे जाते तेही विचारा

मा. आरोग्यमंत्री महोदय,

स.न.वि.वि.

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. पत्राचा विषय चारचौघांत बोलायचा नाही असं मानतात, पण तो टाळून मला माझं म्हणणं मांडता येणार नाही. मला बाळाच्या शीबद्दल लिहायचं आहे.

जुलाबाचं मूल दाखल झालं की केसपेपरवर नसलेले दोन प्रश्न मी विचारते. घरात शौचालय आहे का? आणि बाळाची शी कुठे टाकता? पहिल्याला बहुतेक वेळा चटकन 'हो' येतं. दुसऱ्याला आई बिचकते. मग हळूहळू कळतं, की घरामागे, उकिरड्यावर, उघड्या गटारात. नाहीतर दुपटं तसंच बादलीत भिजत पडलेलं. "अहो, अंगावर पिणारं बाळ ते, त्याची कसली आलीय घाण?" असं एक आजी मला म्हणाल्या. त्या वेळी त्यांच्या मांडीवरच्या नातवाची टाळू खोल गेली होती. रडताना डोळ्यांत पाणी नव्हतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर वळी तशीच राहत होती. अंगातलं पाणी संपत आल्याची ही लक्षणं.

आजींना मी बोल लावत नाही. मोठ्यांची घाण ती घाण आणि बाळाची ती निर्मळ, ही समजूत मायेतून आली आहे आणि ती खोटी आहे हे त्यांना घरी येऊन कोणी सांगितलंच नव्हतं. रोटाव्हायरस झालेल्या बाळाच्या ग्रॅमभर शीत अब्जावधी विषाणू असतात आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडायला शंभरसुद्धा लागत नाहीत. रक्ती हगवणीच्या 'शिगेला' नावाच्या जंतूंचं गणित तसंच, दहा ते शंभर जंतू पुरतात. बोटाच्या नखाखाली याहून कितीतरी जास्त मावतात.

एक मूल बरं होऊन घरी गेलं आणि तीन आठवड्यांत परत आलं. राहवेना, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. शौचालय होतं, नीट बांधलेलं, आतून कोरडं. पाणी मात्र लांब, आणि साबण घरात एकच, अंघोळीच्या जागी. माझ्यासमोर बाळाने शी केली. आईने धुतलं, तांब्यात उरलेल्या पाण्याने हात खंगाळला, कपड्याला पुसला आणि थोरल्याला भरवायला बसली. पिण्याच्या पाण्यावर झाकण होतं, पण पाणी घ्यायचं ते पेला आत बुडवूनच, बोटांसकट. बाळ रांगत रांगत, मघाशी दुपटं बदललं त्याच फरशीवर आलं आणि तिथं पडलेलं काहीतरी उचलून त्याने तोंडात घातलं. 'दात येताना जुलाब व्हायचेच' असं म्हणतात. त्या वयात मूल रांगायला लागलेलं असतं आणि हाताला येईल ते तोंडात घालतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

त्या घरात शौचालय बांधून झालं होतं, म्हणजे सरकारी कागदावर तिथलं काम पूर्ण. दोन वर्षांचं मूल त्या शौचालयात बसू शकत नाही, हे कागदावर कुठेच येत नाही.

बांगलादेशात खेड्यापाड्यांतल्या हजारो कुटुंबांत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला शौचालयाबरोबर लहान मुलांचं पॉटी आणि शी उचलायची खुरपीसारखी फावडी दिली. दुसऱ्या गटात हात धुवायची सोय दोन जागी केली, स्वयंपाकाजवळ आणि शौचालयाजवळ. दोन्ही गटांतल्या लहान मुलांचे जुलाब सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. नुसतं पाण्यात क्लोरीन टाकलेल्या गटात तसा ठाम फरक दिसला नाही. केनियात याच धर्तीची चाचणी झाली आणि तिथे जुलाब घटले नाहीत. बांगलादेशात कार्यकर्त्या आठवड्या-पंधरवड्याला घरी येत होत्या, केनियात भेटी फार कमी होत्या, हे त्यामागचं एक कारण म्हणून मांडलं गेलं. मला ते पटतं. सवय एका भाषणाने लागत नाही, ती कोणीतरी पुन्हा पुन्हा दारात येऊन विचारल्याने लागते. आणि हेही सांगते, की या चाचण्यांत स्वच्छतेच्या कामाने मुलांची उंची वाढली नाही. म्हणजे एवढं केलं की कुपोषणही संपेल, असं मी म्हणणार नाही.

आजार झाल्यावरचं थोडं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. आधी मृत्यू वीस-तीस टक्क्यांवर होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. या गोष्टीला पन्नास वर्षं उलटून गेली. तरी आजही जलसंजीवनी न पाजता, अँटिबायोटिकची बाटली संपवून आलेली मुलं मी रोज बघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४४ हजार मुलं दरवर्षी जुलाबाने दगावतात.

म्हणून माझी मागणी आहे, की शौचालयाची नोंद करणाऱ्या प्रत्येक फॉर्मवर 'बाळाची शी कुठे टाकली जाते' हा एक रकाना घाला. सोबत पॉटी आणि फावडी द्या. संडासाजवळ पाणी आणि साबण दिसल्याशिवाय काम पूर्ण झालं असं लिहू देऊ नका. पाणी साठवायला तोटीचं भांडं मिळू द्या. घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकेवर आणखी एक कागद लादण्याआधी तिची घरं कमी करा, नाहीतर ती दारातूनच सही घेऊन पुढे जाईल. तिच्या पिशवीत जलसंजीवनी आणि झिंक एकत्र असू दे. झिंकच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस द्यायच्या असतात, पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की घरचे त्या बंद करतात. त्या चालू ठेवा हे सांगायला तिने पाचव्या दिवशी पुन्हा यायला हवं, आणि त्या फेरीचा मोबदला तिला मिळायला हवा. रोटाव्हायरसची लस प्रत्येक बाळाला वेळेवर मिळते का, तेही बघा, कारण हा विषाणू नुसत्या साबणाने आटोक्यात येत नाही.

तुम्ही दौऱ्यावर येता तेव्हा आदल्या दिवशी वॉर्ड धुतला जातो, चादरी बदलतात. एकदा न कळवता, सकाळी सातला या. त्या वेळी रात्री दाखल झालेल्या मुलांच्या आया जाग्या असतात. त्यांच्यापैकी कोणालाही तो दुसरा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. मी शेजारी उभी राहीन.

आपली नम्र,
बालरुग्ण विभागातील एक परिचारिका