बाबा, ग्रामर अजून राहिलंय

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. फोनवर आपलं बोलणं कायम अर्धवट राहतं, मध्येच कुणीतरी दार वाजवतं नाहीतर आईचं दूध गॅसवर असतं, म्हणून म्हटलं ह्यावेळी सगळं नीट लिहूनच पाठवावं. व्हॉट्सॲपवर टाकतेय पण बाबा, तुम्ही सात रस्त्याकडे जाल तेव्हा ह्याची प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर एवढं वाचायला डोळ्यांना त्रास होईल.

परवा बाबांनी विचारलं की इतकी वर्षं फ्रेंच शिकलीस, त्याच्यावर नोकरी पण केलीस, मग आता एम.ए.ला परत ग्रामरच? अजून ग्रामर राहिलंच आहे का? प्रश्न अगदी बरोबर आहे बाबा. चांगला पगार सोडून मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या जुन्या बिल्डिंगमध्ये वही घेऊन बसते, तर तुम्हाला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, आणि ह्याचं उत्तर दोन वाक्यात होत नाही.

युरोपात भाषेच्या सहा लेव्हल मानतात, ए वनपासून सी टूपर्यंत. मी नोकरी केली ती बी टूच्या, म्हणजे चौथ्या लेव्हलच्या जोरावर. तिथं कस्टमरच्या ईमेल यायच्या, ऑर्डर कुठं अडकली, बिल का जास्त आलं, त्यांना उत्तरं द्यायची. त्याला ग्रामर लागतं पण ठरावीक लागतं, वाक्यं ठरलेली असतात, दोन वर्षांत हात बसतो. त्याच्या पुढं गेलं की चूक-बरोबर हा प्रश्न मागं पडतो आणि नवा प्रश्न सुरू होतो, की हे मी किती खात्रीनं म्हणतेय, कुणाला म्हणतेय, माझं मन ह्यात कुठं आहे. हे सगळं फ्रेंच माणूस क्रियापदाच्या रूपातून सांगतो, आणि ती रूपं नुसती पाठ असून भागत नाही, बोलताना आपसूक तोंडात यावी लागतात.

आई, तुला सांगते म्हणजे लगेच कळेल. "लेक घरी येते असं वाटतं" आणि "लेक घरी यावी असं वाटतं". पहिल्यात तू नुसता अंदाज सांगतेस, दुसऱ्यात तुझा जीव आहे. काय बदललं, तर फक्त येतेचं यावी झालं. फ्रेंचमध्ये ह्या कामासाठी सब्जाँक्तिफ नावाचा अख्खा प्रकार आहे. इच्छा, भीती, शंका, गरज, आनंद असं मनातलं काही वाक्यात आधी आलं की पुढचं क्रियापद त्या रूपात जातं. "मला वाटतं तो येईल" म्हटलं तर साधं रूप, पण "मला नाही वाटत तो येईल" म्हटलं की सब्जाँक्तिफ, कारण आता खात्री गेली. आणि ह्याच्यातही बारकावे बघा, आशा करणं म्हणजे एस्पेरे, त्याच्यानंतर साधंच रूप येतं, आणि इच्छा करणं म्हणजे सुएते, त्याच्यानंतर मात्र सब्जाँक्तिफ. आमच्या वर्गात ह्यावर मोठी चर्चा झाली होती की आशेला ते लोक खात्रीच्या बाजूला का बसवतात. मला ती चर्चा फार आवडली, घरी येऊन रात्री उशिरापर्यंत मी त्याच्यावर लिहीत बसले होते.

अजून एक सांगते, हे बाबांना आवडेल, कारण तुम्ही पेपर वाचताना कायम विचारता की ही बातमी पक्की आहे का. फ्रेंच पेपरात बातमी पक्की नसली की क्रियापद काँदिस्योनेल नावाच्या रूपात टाकतात. "ल प्रेझिदाँ सरे मालाद" असं लिहिलं तर त्याचा अर्थ राष्ट्राध्यक्ष आजारी आहेत असा नाही, आजारी आहेत म्हणे, असा आहे. आपला म्हणे त्यांच्या क्रियापदाच्या पोटात बसलाय. भाषांतर करणाऱ्याच्या नजरेतून हे निसटलं तर अफवेची बातमी होते, पेपरात छापून येते, आणि मग निस्तरायला कोण? मला भाषांतराचं काम करायचंय तर हे इतकं बारीक मला यायलाच पाहिजे.

आणि काही गोष्टी तर मला घरातूनच मिळाल्यात हे मी आत्ता आत्ता ओळखायला लागले. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली. खाणारी मीच, पण क्रियापद आंब्याप्रमाणं, भाकरीप्रमाणं बदलतं. फ्रेंचमध्ये असं एका ठिकाणी होतं. "झे एक्री ला लेत्र" म्हणजे मी पत्र लिहिलं, इथं काही बदल नाही, पण पत्र आधी आणलं, "ला लेत्र क झे एक्रित" म्हणजे मी लिहिलेलं पत्र, की पत्र त्यांच्याकडं स्त्रीलिंगी म्हणून शेवटी तो त ऐकू येतो. हा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीनं इटालियनचा दाखला देऊन सांगितला होता, आणि आजही फ्रान्समधल्या शाळेतल्या मुलांना तो जड जातो. आमच्या वर्गातल्या दिल्लीच्या मुलीला मात्र जड जात नाही कारण हिंदीत तसंच आहे, पण केरळच्या मुलाला वेळ लागला, त्याच्या भाषेत क्रियापद असं बदलतच नाही. मग आम्ही एकमेकांना शिकवतो.

उच्चारांचं पण तसंच आहे. फ्रेंच र घशातून येतो. विजापूर वेशीतल्या माझ्या मैत्रिणीची अम्मी ग़रीब, ग़लत म्हणते त्यातला ग़ जिथून येतो साधारण तिथूनच. लहानपणी मी तिच्या घरी बसून तिची नक्कल करायचे आणि अम्मी हसायच्या. तेव्हा कुणाला माहीत होतं हे पुढं कामाला येणार. आई, तू आजीशी कन्नड बोलायचीस, आमच्याशी मराठी, शेजारच्या काकूंशी तेलुगू, आणि भाजीवाल्या चाचांशी आपली सोलापुरी हिंदी. एका सकाळी चार भाषा, आणि कुठंच अडखळायची नाहीस. इथं पुण्यात लोक मला विचारतात तुझा कान इतका चांगला कसा, तर मी सांगते मी सोलापूरची आहे, आमच्याकडं असंच असतं.

बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा वेगळी असते हे पण मला सोलापुरातच कळलं होतं. आपण गल्लीत "काय करलालास" म्हणतो पण शाळेच्या निबंधात ते लिहीत नाही. फ्रेंचमध्ये हे अंतर खूपच मोठं आहे. "मला माहीत नाही" ह्याला पुस्तकात "झ न से पा", आणि रस्त्यावर नुसतं "शे पा". कादंबरीत भूतकाळाचा पासे सँप्ल नावाचा वेगळाच काळ असतो, तो रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही, पण तो कळल्याशिवाय त्यांचं जुनं साहित्य वाचता येत नाही. म्हणजे दोन्ही शिकायचं, आणि कुठं काय वापरायचं हे पण शिकायचं.

आता बाबा, मुख्य गोष्ट. ही मला फोनवर कधीच बोलता आली नसती.

तुम्ही कारखान्यात हिशेब लिहायचात तेव्हा पूर्व भागातले विणकर काका संध्याकाळी आपल्याकडं यायचे. तेलुगू-मराठी मिसळून भडाभडा सांगायचे, कुणाचा पगार कापलेला, कुणाचे फंडाचे पैसे अडकलेले, कुणाला पोराच्या ऑपरेशनसाठी सुट्टी पाहिजे, मध्येच शिव्या, मध्येच रडणं. तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाहीत. सगळं ऐकून घ्यायचात, मग दोन-तीन प्रश्न विचारायचात, तारीख कुठली, आधी कुणाला सांगितलं होतं, आणि मग एका पानावर अर्ज लिहायचात, "सविनय निवेदन की". त्या अर्जात शिव्या नसायच्या पण राग असायचा, रडणं नसायचं पण अडचण पूर्ण असायची, आणि तुमचं स्वतःचं मत एका ओळीचं पण नसायचं. मग तो अर्ज तुम्ही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचात आणि विचारायचात, हेच म्हणायचंय ना तुम्हाला? मी तिथंच बाजूला बसून होमवर्क करायचे आणि माझं सगळं लक्ष तुमच्याकडं असायचं.

मी आता जी परीक्षा देणार आहे ना, दाल्फ सी वन, म्हणजे फ्रेंचची पाचव्या लेव्हलची, त्याच्यात लिहिण्याच्या पेपरात पहिला प्रश्न हाच असतो. त्याला सँतेझ म्हणतात. एकाच विषयावरचे दोन-तीन लेख देतात, सगळे मिळून साधारण 1000 शब्द, आणि त्याचं सार 220 शब्दांच्या आसपास लिहायचं. लेखातली वाक्यं उचलायची नाहीत, आपल्या शब्दात मांडायचं, स्वतःचं मत अजिबात घालायचं नाही, आणि कोण काय म्हणतंय, कुठं पटतंय आणि कुठं भांडण आहे हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे. मग दुसऱ्या प्रश्नात त्याच विषयावर स्वतःचं मत मांडायचं, मुद्देसूद. दोन्ही मिळून अडीच तास. आमच्या मॅडमनी पहिल्यांदा सँतेझ समजावून सांगितली तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तुमचा तो अर्जांचा कागद आला. बाबा, मी जे शिकायला पुण्यात आलेय ते तुम्ही आपल्या ओट्यावर बसून वर्षानुवर्षं केलंय, आणि त्याचे कधी पैसे घेतले नाहीत. मला हे तुम्हाला सांगायचंच होतं.

बोलण्याची परीक्षा पण अशीच कस लावणारी आहे. लेख देतात, तयारीला एक तास, आणि मग अर्धा तास परीक्षकांसमोर, आधी आपण विषय मांडायचा आणि मग त्यांच्याशी वाद घालायचा. ते मुद्दाम उलटं बोलतात. फ्रेंच लोकांना समोरच्याचं म्हणणं आधी नीट मान्य करून मग खोडून काढलेलं आवडतं, म्हणून "तुमचं खरं आहे, पण" ह्या अर्थाचे आठ-दहा शब्दप्रयोग आम्ही रोज घोकतो, प्रत्येकाचं वजन वेगळं. एकूण 100 मार्क, पास व्हायला 50, आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं ह्या चारही भागांत 25 पैकी निदान 5 पाहिजेतच. एकदा मिळालं की सर्टिफिकेट कायमचं, ते एक्स्पायर होत नाही, हे बाबांसाठी मुद्दाम लिहितेय.

मोबाईल भाषांतर करून देतो मग माणसाला कोण विचारणार, हे पण तुम्ही म्हणाला होता. देतो, आणि चांगलं देतो, मी पण वापरते. पण विणकर काकांना मोबाईलनं अर्ज लिहून दिला असता तरी "हेच म्हणायचंय ना तुम्हाला" असं विचारायला कुणीतरी लागलंच असतं. कोर्टाचे कागद, दवाखान्याचे रिपोर्ट, कंपन्यांचे करार, इथं चुकलं तर जबाबदारी घ्यायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला मशीनपेक्षा जास्त येत असलं पाहिजे. म्हणूनच मी बी टूवर थांबत नाहीये.

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या घरी तुम्ही मला लहानपणी घेऊन गेला होतात. ते 1938 ला चीनला गेले तेव्हा त्यांना चिनी येत नव्हतं, तिथं जाऊन शिकले, आणि इतकं शिकले की तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीमधूनच मेडिकल शिकवायचे. 1942 ला तिथंच वारले तेव्हा वय फक्त 32. युद्ध चालू, औषधं नाहीत, आणि हा आपल्या गावचा माणूस रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलतोय. परकी भाषा मोठेपणी शिकून तिच्यात दुसऱ्यांना शिकवता येतं, हे मला आपल्याच गावातल्या माणसाकडून माहीत आहे.

पैशांचं सांगते म्हणजे आईला झोप लागेल. संध्याकाळच्या दोन बॅच घेते ए वनच्या, थोडं भाषांतराचं काम येतं, फी आणि खोलीभाडं त्यातून निघतं, सेव्हिंगला अजून हात लावलेला नाही. ह्या वर्षी सी वन, पुढच्या वर्षी एम.ए. पूर्ण. त्यानंतर मला सोलापुरात शनिवार-रविवारचा फ्रेंचचा क्लास सुरू करायचाय, जुळे सोलापूरला नाहीतर अशोक चौकाच्या बाजूला. आपल्याकडची पोरं घरात तीन-तीन भाषा बोलतात आणि बाहेर समजतात की आपल्याला भाषा येत नाहीत कारण इंग्लिश कच्चं आहे. मला हे बघवत नाही. त्या पोरांना पाचवी भाषा अवघड जाणार नाही, त्यांना कुणी सांगितलं पाहिजे फक्त. आणि बाबा, लिहायचं कसं हे शिकवायला पहिल्या दिवशी तुम्ही यायचं, मराठीतूनच शिकवा, अर्ज कसा लिहायचा ते.

गड्ड्याच्या यात्रेला मी येतेय, हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढलं की कळवते. आईच्या मोतीबिंदूची तारीख डॉक्टरांनी दिली की लगेच फोन करा, मी बॅच मैत्रिणीकडं देऊन आधीच येते, तुम्ही दोघंच दवाखान्यात जाऊ नका. बाबांचा शुगरचा रिपोर्ट मागच्या महिन्याचा अजून मला पाठवलेला नाही, त्याचा फोटो काढून टाका. आणि शेंगा चटणी पाठवाल तर जरा जास्त पाठवा, केरळच्या त्या मुलाला फार आवडलीय.

तुमची,
लेक